समास, ओळ आणि दंड : छापील पानाची तत्त्वे संकेतस्थळावर येताना

‘समास’ म्हटले की मराठीच्या वर्गात तत्पुरुष आणि बहुव्रीही आठवतात. छापखान्यात मात्र याच शब्दाने पानाच्या कडेला सोडलेली कोरी जागा ओळखली जाते. आम्हां साहित्याच्या लोकांना पहिल्या समासाची सवय फार, दुसऱ्याची जवळजवळ नाही. संहिता, पाठभेद, निवेदक, प्रतिमा यांवर आपण तासन्‌तास बोलतो. ती संहिता ज्या पानावर बसते त्या पानाचा विचार मात्र जुळाऱ्याने, चित्रकाराने किंवा प्रकाशकाने करावा असे गृहीत धरतो. छापील पुस्तकांच्या काळात हे चालून गेले, कारण तो विचार करणारा कोणीतरी माणूस छापखान्यात बसलेला होता. आता कविता, लेख, प्रबंध आपणच संकेतस्थळांवर चढवतो, विद्यार्थी ते हातातल्या फोनवर वाचतात, आणि मध्ये जुळारी नसतो. म्हणून पृष्ठरचनेची तत्त्वे छापील पानावरून संकेतस्थळावर कशी आली, येताना त्यांतले काय टिकले आणि काय गळाले, हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे.

आरंभ पोथीपासून करणे सोयीचे. पोथीचे पान आडवे, उंचीपेक्षा रुंदी अधिक. दोन्ही बाजूंना उभ्या रेघा ओढून समास राखलेला. मजकूर सलग, बहुधा शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेला. ‘श्रीभगवानुवाच’ यासारखी वक्त्याची सूचना, अध्यायाची समाप्ती, क्रमांक हे तांबड्या शाईने किंवा गेरूने उठवलेले. चुकीच्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्याला तेथूनच मिळाला. मोडी लिहिणारा तर आधी कागदभर आडवी रेघ मारून घेई आणि मग तिला अक्षरे टांगी. समास, रंगाने दाखवलेली श्रेणी, समान अंतरावरच्या ओळी ही सारी आजच्या ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या धड्यात शिकवली जाणारी तत्त्वे येथे आहेत. त्यांना नावे तेवढी दिलेली नाहीत.

पोथीत आणखी एक गोष्ट आहे, आणि पुढच्या विवेचनासाठी ती सर्वांत महत्त्वाची. ओवी पोथीत वेगळ्या ओळींत मांडलेली नसते. ती सलग वाहते, आणि कोठे संपली हे दुहेरी दंड व त्यामधला क्रमांक सांगतो. पान रुंद असो की अरुंद, लेखनिकाचे अक्षर मोठे असो की बारीक, ओवीचा घाट बिघडत नाही. कारण तिच्या रचनेची खूण पानावरच्या जागेत नसून मजकुराच्या आतच आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले, पुढे निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी खिळ्यांची छपाई नावारूपाला आणली, आणि तरीही सुट्या आडव्या पानांच्या पोथ्या छापून निघत राहिल्याच. वाचणाऱ्याची सवय छापखान्यापेक्षा सावकाश बदलते.

या जाणत्या हातांच्या व्यवहाराला शास्त्राचे रूप मिळाले ते युरोपात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. लाइपझिगचा यान चिखोल्ड हा पाटीरंगाऱ्याचा मुलगा. १९२३ मध्ये वायमार येथे बाउहाउसचे प्रदर्शन पाहून तो भारावला आणि १९२८ मध्ये ‘नवी मुद्राक्षरकला’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे जर्मन पुस्तक बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. पानाच्या मध्यरेषेवर शीर्षक बसवून दोन्ही बाजू सारख्या करण्याची जुनी रीत त्याला पोकळ अलंकरण वाटे. मजकुराच्या अर्थातून जी श्रेणी निघते तीच पानावर दिसली पाहिजे, म्हणून विषम मांडणी, शेपट्या नसलेली साधी अक्षरे आणि प्रमाणित आकाराचे कागद यांचा त्याने आग्रह धरला. १९३३ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. सुटकेनंतर तो स्वित्झर्लंडला गेला. तेथे त्याच्या विचाराने जे वळण घेतले ते आम्हांला त्याच्या पुस्तकापेक्षाही मोलाचे वाटते. आपल्या जुन्या आग्रहात हुकूमशाहीचाच एक अंश होता असे त्याला दिसू लागले आणि तो पुन्हा सममित, अभिजात पानाकडे आला. १९४६ मध्ये माक्स बिलने त्यावर त्याला जाहीरपणे धारेवर धरले. १९४७ ते १९४९ या काळात इंग्लंडमध्ये पेंग्विनच्या पुस्तकांसाठी त्याने अक्षरजुळणीचे जे थोडके नियम घालून दिले, त्यांत क्रांतीची भाषा नाही. शब्दांमधली जागा किती, विरामचिन्हानंतर काय, परिच्छेदाचा आरंभ कोठून, एवढेच आहे. स्वस्त पुस्तकाचा वाचकही चांगल्या पानाचा हक्कदार आहे हे त्यामागचे गृहीतक.

चिखोल्डने टाकलेला धागा झ्युरिकच्या मंडळींनी उचलला. योझेफ म्युलर-ब्रोकमानने पानाची स्तंभांत आणि आडव्या पट्ट्यांत विभागणी करून सगळा मजकूर व चित्रे त्या चौकटींत बसवण्याची पद्धत विकसित केली. तिचे सविस्तर विवेचन करणारा त्याचा ग्रंथ १९८१ चा. दुसरीकडे माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच दाखवून दिले होते की जवळजवळ असलेल्या किंवा सारख्या दिसणाऱ्या गोष्टी डोळा आपोआप एका गटात धरतो. आपल्याकडच्या शाब्दबोधाच्या चर्चेत वाक्यार्थासाठी आकांक्षा आणि योग्यता यांच्या जोडीला ‘सन्निधी’ लागते. पदे एकमेकांजवळ नसतील तर अर्थ जुळत नाही. नैयायिकांनी हे उच्चाराविषयी म्हटले, वेर्थायमरने ठिपक्यांविषयी. दोन्ही एकच आहेत असा आमचा दावा नाही, पण वर्गात समजावून सांगायला हा पूल चांगला. शीर्षक आपल्या परिच्छेदापेक्षा वरच्या परिच्छेदाला अधिक चिकटलेले असेल, तर सन्निधी बिघडली आणि वाचकाचा डोळा फसला.

१९९४ मध्ये अमेरिकेत रॉबिन विल्यम्स या लेखिकेने डिझायनर नसलेल्यांसाठी एक छोटे पुस्तक लिहून या साऱ्या शास्त्राची चार शब्दांत वाटणी केली : विरोध, पुनरावृत्ती, संरेखन, सान्निध्य. शब्द अलंकारशास्त्रातले वाटावेत असे. मुख्य आणि दुय्यम यांत ठळक फरक करा; एकदा घेतलेला निर्णय सर्व पानांवर पाळा; प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रेषेला धरून लावा; संबंधित गोष्टी जवळ आणि असंबंधित दूर ठेवा. पुढे संकेतस्थळांविषयीच्या असंख्य पाठांत हीच चार तत्त्वे फिरत राहिली. या सर्व तत्त्वांच्या मुळाशी एक न बोललेली अट होती : पानाला कड असते आणि ती आधीच ठाऊक असते.

वेबला ती कडच नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जी योजना मांडली आणि जी १९९१ मध्ये बाहेरच्या जगाला खुली झाली, तिचा हेतू निरनिराळ्या यंत्रांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे वाचता यावीत हा होता. म्हणून एचटीएमएल या खुणांच्या भाषेत ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘ही यादी’ एवढेच सांगण्याची सोय होती. शीर्षकांच्या सहा पायऱ्या होत्या, पण पहिली पायरी किती मोठ्या अक्षरांत दिसावी हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचे. ओवीच्या शेवटचा दंड जे काम करतो तेच या खुणा करतात : रचना मजकुरातच नोंदवायची, रूप पानावर सोडायचे.

मुद्रणाच्या परंपरेतून आलेल्या डिझायनरांना हे रुचण्यासारखे नव्हते. १९९३ मध्ये मोझेक ब्राउझरने मजकुरासोबत चित्रे दाखवली आणि व्यापारी जगाचे लक्ष इकडे वळले. पण पान म्हणावे तर करड्या पार्श्वभूमीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेल्या ओळी, समास नावापुरता. मग युक्त्या निघाल्या. आकडे मांडण्यासाठी आलेले कोष्टक डिझायनरांनी पानाची चौकट म्हणून वापरले. एका घरात मेनू, दुसऱ्यात मजकूर, तिसरे समासासाठी रिकामे. एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र घेऊन ते हवे तितके ताणायचे आणि त्याने कोरी जागा निर्माण करायची, ही तर त्या काळची कळसाची करामत. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या गाजलेल्या पुस्तकाने या युक्त्या घरोघरी पोहोचवल्या.

या काळाकडे नंतरच्या मंडळींनी फार तुच्छतेने पाहिले. आम्हांला ते अन्यायाचे वाटते. समास असावा, ओळ फार लांब असू नये, मुख्य मजकूर कोठे सुरू होतो हे डोळ्याला कळावे ही डिझायनरांची मागणी रास्तच होती. ती पुरी करण्याचे साधन त्यांना कोणी दिले नव्हते. पण किंमत मोजावी लागली ती भलत्याच वाचकाला. अंध वाचकाचे संगणकातले वाचनसाधन कोष्टक घरामागून घर वाचत जाते. डोळ्याला शेजारी-शेजारी दिसणारे दोन स्तंभ त्याच्या कानावर चिरफळ्या होऊन पडत. रूप सांभाळताना रचना मोडली होती. १९९७ मध्ये सीगल यांनीच, वेब बिघडले आणि ते आपण बिघडवले, अशा आशयाचा लेख लिहिला.

तोड निघत होतीच. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्यूम ली यांनी रूपाचे नियम मजकुरापासून वेगळ्या कागदावर लिहिण्याची योजना सुचवली. बर्ट बॉस यांच्यासह सिद्ध केलेली तिची पहिली प्रमाणित आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. हीच सीएसएस. एकच मजकूर, त्यावर पाहिजे तो पोशाख. २००३ मध्ये कॅनडातल्या डेव्ह शे यांनी एका संकेतस्थळावर मजकुराची एकही खूण न बदलता केवळ सीएसएस बदलून तेच पान किती निरनिराळे दिसू शकते याचे प्रात्यक्षिक मांडले, आणि शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. दरम्यान एप्रिल २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन ऑलसॉप यांनी ‘ताओ ते चिंग’चा आधार घेऊन लिहिलेला निबंध आला. छापील पानावरची हुकमत ही त्या माध्यमाची मर्यादा होती, तिलाच आपण गुण समजून बसलो, हा त्यांचा मुद्दा. २००७ मध्ये आयफोन आला, खिशातला पडदा हाच मुख्य पडदा होऊ लागला, आणि मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी या विचाराला हिशेबाचे रूप दिले. नऊशे साठ ठिपक्यांच्या पानात सहाशे चाळीस ठिपक्यांचा स्तंभ असेल, तर ‘सहाशे चाळीस’ असे न लिहिता ‘दोन तृतीयांश’ असे लिहा. पान लहान झाले की स्तंभही त्या प्रमाणात लहान होईल आणि फारच अरुंद झाला तर वेगळी मांडणी लागू होईल. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएसची स्वतःची ग्रिड आली. म्युलर-ब्रोकमानची चौकट कोष्टकाची चोरवाट न घेता वापरता येऊ लागली.

थोडक्यात, छापील पानाची जी तत्त्वे मापात सांगितलेली होती ती वेबवर गळाली आणि जी नात्यांत सांगितलेली होती ती टिकली. समास इतके सेंटिमीटर हे गेले. समास अक्षराच्या आकाराच्या इतक्या पट हे राहिले.

मराठीपुरता हा इतिहास दोनदा घडला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे महाजालावर आली ती आपापले खास फाँट घेऊन. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, आत मात्र संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचे संकेत असत. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. फाँट नसेल तर पान म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग, आणि शोधयंत्राला त्यात मराठीचा एकही शब्द सापडत नसे. कोष्टकाच्या युक्तीचाच हा देशी अवतार : रूप शाबूत, संहिता खोटी. युनिकोडने संहिता खरी केली. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीसोबत येऊ लागलेला, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट त्यानंतर अनेक वर्षे मराठी वेबचा जणू एकमेव चेहरा होता. त्या वेळी जे मिळाले ते फार मोठे होते. पण संहिता खरी झाल्यावर कळले की रूपाचे नियम तर रोमन अक्षरांच्या मापाने शिवलेले आहेत.

उदाहरणे घेऊ. रोमन अक्षर खालच्या रेषेवर बसते, देवनागरी वरच्या रेषेला लटकते. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजी मजकूर मनात धरून ओळींमधले अंतर ठरवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. दुव्याखाली रेघ मारण्याची वेबची रीत तर देवनागरीवर जाचकच होते. अक्षर वरून शिरोरेखेने आणि खालून अधोरेखेने कोंडले जाते आणि ‘पुस्तक’ मधला उकार त्या रेघेत बुडतो. नव्या ब्राउझरांत खालची रेघ अक्षराच्या पायाशी तुटेल अशी सोय आहे. शीर्षकात अक्षरे विरळ करण्याचा डिझायनरांचा आवडता उपाय येथे केला तर शिरोरेखेचेच तुकडे पडतात. मोठी लिपी नाही. तिरपी अक्षरे आपली नाहीत, आणि फाँटमध्ये ती नसली तर ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपे करतो. मग श्रेणी दाखवायला उरते काय? आकार, ठळकपणा, रंग, मोकळी जागा. म्हणजे पोथी लिहिणाऱ्याजवळ होते जवळपास तेच.

ओळीच्या लांबीचेही तसेच. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात सुखाने वाचता येणाऱ्या ओळीत पंचेचाळीस ते पंचाहत्तर अक्षरे असावीत असे म्हटले आहे, आणि वेबच्या पाठांत हा आकडा मंत्रासारखा सांगितला जातो. देवनागरीत अक्षर मोजायचे कसे? ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, युनिकोडच्या हिशेबाने सहा संकेत. २००८ च्या सुगम्यतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतल्या सर्वांत वरच्या पातळीच्या एका निकषात ओळीची मर्यादा ऐंशी चिन्हे आहे, चिनी-जपानी-कोरियन लिप्यांसाठी ती चाळीस. देवनागरीचा वेगळा विचार तेथे नाही. त्यात मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘विद्यार्थ्यांमधल्यासारखा’ हा शब्द फोनच्या अरुंद स्तंभात अर्धी ओळ खातो. दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टाने मजकूर ताणला की शब्दांमधून पांढरे ओहोळ वाहू लागतात. छापखान्यातला जुळारी ओळीअखेर शब्द तोडून संयोगचिन्ह देत असे. फोनवर त्यापेक्षा उजवी कड मोकळी सोडलेली बरी. आमच्या महाविद्यालयीन नियतकालिकांना ‘छापल्यासारखे दिसावे’ म्हणून दोन्ही कडा सरळ लागतात, तो मोह आवरला पाहिजे.

या सगळ्यात गद्य निभावून जाते. कसोटी लागते ती कवितेची. एचटीएमएलचा मूळचा नियम असा की कितीही मोकळ्या जागा आणि कितीही नव्या ओळी दिल्या तरी त्यांची मिळून एकच जागा धरायची. कविता कागदावरून उचलून तशीच टाकली तर तिचे गद्य होते. प्रत्येक ओळीअखेर निराळी खूण द्यावी लागते. ती दिली तरी फोन अरुंद असला की कवीची लांब ओळ मध्येच मोडून खाली येते, आणि खाली आलेला तुकडा अगदी नव्या ओळीसारखा डाव्या कडेपासून सुरू होतो. कवीने तोडलेली ओळ कोणती आणि फोनने तोडलेली कोणती हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. वर्गात एखादा विद्यार्थी एकाकी पडलेल्या शब्दावर भाष्य करतो आणि पुस्तक उघडल्यावर लक्षात येते की तो शब्द एकाकी नव्हताच.

अभंगावर आणि ओवीवर ही आपत्ती येत नाही. दंड जागेवर असला की ज्ञानेश्वरी पडद्याच्या कोणत्याही रुंदीत वाहते, जशी ती पोथीत वाहत होती. वृत्तबद्ध कवितेलाही यमक आणि गण सावरून धरतात. मुक्तछंदाची गोष्ट वेगळी. तो छापील पानाच्या युगात वाढला आणि त्याच्या ओळीची खूण पानावरच्या कोऱ्या जागेखेरीज दुसरीकडे कोठे नोंदलेली नाही. स्तेफान मालार्मे यांची १८९७ मधली फाशांवरची कविता हे याचे टोक. शब्द समोरासमोरच्या दोन पानांवर विखुरलेले, आणि त्या दोन पानांशिवाय ती कविताच नाही. मराठीत अरुण कोलटकर व्यवसायाने ग्राफिक डिझायनर होते, जे. जे. कलाशाळेत शिकलेले, ओळ कोठे मोडते आणि तिच्याशेजारी किती कागद कोरा राहतो याकडे अशा कवीचे लक्ष नसेल असे मानणे आम्हांला अवघड जाते. तरीही रूप आणि आशय वेगळे करता येतात हे सीएसएसचे गृहीतक आपण अशा कवितांना सरसकट लावतो. साहित्यविचारात हे विधान कोणी केले तर त्यावर किती आक्षेप येतील!

उपाय मात्र जुन्या मुद्रकांनीच करून ठेवला आहे. ओळ पानात मावली नाही तर उरलेला तुकडा खालच्या ओळीत बराच आत सरकवून छापायचा. वाचकाला कळते की ही ओळ वरचीच आहे. सीएसएसमध्ये यासाठी दोन छोट्या सूचना पुरतात : कवितेच्या प्रत्येक ओळीला स्वतंत्र घटक मानून तिला डावीकडे काही अक्षरांइतका समास द्यायचा, आणि तिचा आरंभ तेवढाच उलट बाहेर ओढायचा. ओळ मावली तर काहीच दिसत नाही. मोडली तर मोडलेला भाग आत जातो. कडव्यांमधली जागा ओळींमधल्या जागेपेक्षा स्पष्टपणे अधिक ठेवायची. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या माणसाला हे आपण होऊन सुचणार नाही. त्याला ते सांगावे लागेल, आणि सांगणारा कविता वाचणारा असावा लागेल. ज्या तयार साच्यांत असा बदल करूच देत नाहीत तेथे निदान पोथीची रीत उरते : लांब ओळींची कविता चढवताना प्रत्येक ओळीअखेर एक दंड द्यावा आणि वर तशी टीप लिहावी.